पांढऱ्या भिंतीवरची दोन नावं

"बाई, जरा बाजूले सरा. मले माझ्या घरी जायचं हाये."

माझे सख्खे वडील मला हे आमच्याच फाटकात उभं राहून म्हणाले. संध्याकाळ झाली होती, पण उन्हाचा ताव काही उतरला नव्हता. फाटकाच्या कडीला हात लावला की चटका बसत होता. बाबांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजून तशीच वाळली होती.

"बाबा, हेच आपलं घर. आत चला."

"हे? हे कोनाचं हाये मले काय मालूम! माझं घर निळं हाये. भिंतीवर माझ्या पोरीचं नाव हाये."

"ती पोरगी म्हणजे मीच ना, बाबा. प्रांजली."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं, विनातिकीट बसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं. सगळी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. त्याला असल्या थापा पचत नाहीत. ते वळले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागले. मी दंड धरला तर हिसडा मारून सोडवून घेतला.

तेवढ्यात समोरून तायडे काकूंची हाक आली. "ओ कंडक्टर भाऊ! च्या उकळून उकळून कडू झाला न. या लवकर!"

चहाला बाबा कधीच नाही म्हणत नाहीत. काकूंच्या ओट्यावर बसून त्यांनी बशीतून चहा प्यायला, आणि मग काकूंनीच "चला, सोडून देतो तुमाले" म्हणत हात धरून त्यांना आमच्या दारातून आत आणलं. मी मागून गेले. माझ्याच घरात पाहुणी आल्यासारखी.

बाबांना गल्ली चुकत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. रोज चारच्या सुमारास ते 'ड्युटीवर' निघतात, जुन्या स्टँडच्या बाकावर जाऊन बसतात, कुठल्या गाडीला किती उशीर झाला ते बघतात आणि उतरत्या उन्हात परत येतात. डोक्यातलं पुष्कळ काही पुसलं गेलंय, पण हा मार्ग पक्का आहे. पानठेला, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, मग डाव्या हाताला आमची गल्ली. स्टॉप बरोबर येतो. घर तेवढं चुकतं. कारण गल्लीतली सगळी घरं पांढरीफेक आहेत, आणि ती तशी करण्यात माझा हात आहे.

मी आमच्या नगरपालिकेत बाह्यलेप अधिकारी आहे. म्हणजे गल्लोगल्लीच्या भिंतींची सासू. कोणी कुठं काय फासलं, कोणी फरशी चिकटवली, कोणी वेल चढवला, हे बघत फिरायचं आणि नोटिसा द्यायच्या. लोक तोंडावर 'मॅडम' म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

पूर्वी आमची गल्ली अशी नव्हती. एक घर पोपटी, एक गुलाबी, तायड्यांचं हळदी, आमचं निळं. मग तो उन्हाळा आला. वऱ्हाडाला उन्हाचं कौतुक नाही, आम्ही त्यातच वाढलो. पण त्या वर्षी पंखे गरम हवा फेकत होते, विजेच्या डीपी फटाफट उडत होत्या, आणि रात्रीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नव्हती. गल्लीतली तीन माणसं त्या उन्हाळ्यानं नेली. त्यानंतर शीतलेप आला आणि लोकांनी तो हात जोडून लावून घेतला. जबरदस्ती झाली असं आता पुष्कळ जण म्हणतात. तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं.

लेपाचं गुपित दोन भागांत आहे. साधा पांढरा चुना ऊन परतवतो, पण थोडं पितोही. शीतलेपात बेरियमच्या क्षाराचे लहानमोठे बारीक कण असतात. उन्हातला प्रत्येक रंग कुठल्या ना कुठल्या आकाराच्या कणावरून मागे फिरतो, म्हणून भिंत ऊन जवळजवळ घेतच नाही. दुसरा भाग जास्त गमतीचा. प्रत्येक वस्तू आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी सतत बाहेर टाकत असते. त्यातले बरेच किरण हवेतली वाफ आणि इतर वायू अडवतात. पण या किरणांचा एक पट्टा असा आहे की त्याला हवा फारशी अडवत नाही. ती हवेतली उघडी खिडकीच. शीतलेप आपली उष्णता मुख्यतः त्या पट्ट्यात सोडतो आणि ती थेट अंतराळात निघून जाते. वीज नाही, यंत्र नाही, आणि भर दुपारी गच्ची भोवतालच्या हवेपेक्षा गार. मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं.

गच्चीला सगळं आभाळ दिसतं. भिंतीचं तसं नाही. तिला अर्धं आभाळ आणि अर्धी समोरच्याची भिंत दिसते. समोरची भिंत रंगीत असली तर ती ऊन पिते, तापते, आणि आपला ताप तुमच्या भिंतीवर ओतते. अरुंद गल्लीत तर फारच. म्हणून एकट्यानं लेप लावून भागत नाही, अख्खी गल्ली लागते. आणि म्हणून नियम असा की घराच्या बाहेरच्या भिंतीचा रंग, पोत किंवा जाडी बदलायची तर समोरच्याची आणि दोन्ही शेजाऱ्यांची संमती हवी, मग आमच्या समितीची परवानगी. वरून उपग्रह फोटो काढतो. एका घरानं नियम मोडला की उन्हाळ्यात अखंड विजेची हमी अख्ख्या गल्लीची जाते. त्यामुळे आम्हाला फार फिरावंच लागत नाही, शेजारीच फोन करतात.

आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नावं रंगवायची रीत होती. दाराच्या एका बाजूला नवरी, एका बाजूला नवरदेव, वर गणपती. ती रीतही या नियमात गेली. आता नावं फाटकावरच्या दिव्यांच्या पाटीवर पळतात, आणि मांडव उतरला की पाटीही उतरते.

माझ्या लग्नात मात्र पेंटर आला होता. निळ्या भिंतीवर, दाराच्या डाव्या हाताला लाल अक्षरांत 'चि. सौ. कां. प्रांजली' आणि उजव्या हाताला 'चि. स्वप्निल'. लग्न चार वर्षं टिकलं. कसं मोडलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की मी एक बॅग घेऊन परत आले तेव्हा फाटक उघडताना पहिलं काय दिसलं असेल तर त्याचं नाव. मी बाबांना म्हटलं, हे पुसा. ते म्हणाले, "राहू दे." मी भांडले, रडले, एकदा खरवडणी घेऊन स्वतःच निघाले. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. दर दिवाळीला ते स्वतः भिंतीला निळा रंग द्यायचे, आणि ब्रश त्या दोन नावांभोवतून वळवून न्यायचे. सगळी भिंत ताजी, आणि दोन नावांभोवती जुन्या निळ्याचे दोन चौकोन. येणाजाणाऱ्याचं लक्ष हटकून तिथंच जायचं.

शीतलेपाची गाडी गल्लीत आली तेव्हा पहिलं घर मी आमचं दिलं. अधिकाऱ्याचं घर आधी, म्हणून सगळ्यांनी वाहवा केली. फवारा उजव्या बाजूवरून फिरला, त्याचं नाव दिसेनासं झालं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी कामगारांना पेढे वाटले. बाबा अंगणात खुर्ची टाकून बघत होते. तेव्हा त्यांचं विसरणं नुकतंच कुठं सुरू झालं होतं.

आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एवढ्या उन्हात या वयाचा माणूस तासभर जरी भटकला, तरी मेंदूला ताप चढेल. घरी बसवा.

बसवा म्हणे! कुलूप लावलं तर त्यांनी फाटकावर डोकं आपटून घेतलं. "गाडी सुटून राह्यली अन् तुमी मले कोंडता!" हातात माग काढणारं कडं घातलं तर ते त्यांनी दाढीच्या ब्लेडनं कापलं. दाराला झेंडूचं तोरण बांधलं, तर तोरण असलेल्या दुसऱ्याच घरात जाऊन पलंगावर बसले. नंबराची किंवा नावाची, कुठलीच पाटी ते वाचतच नाहीत. त्यांना एकच खूण पाहिजे. निळी भिंत आणि पोरीचं नाव.

शेवटी मी संमतीचा कागद घेऊन तायडे काकूंकडे गेले. दोन्ही शेजाऱ्यांनी कुरकुरत का होईना सह्या दिल्या होत्या. काकूंकडून तर मी 'नाही'ची कल्पनाच केली नव्हती. आई गेल्यावर याच बाईनं मला जेवू घातलंय.

काकूंची लेक मयूरी बाळंतपणाला आलेली होती. बाळ सातव्या महिन्यातच झालं होतं, मुठीएवढं. पुढच्या खोलीत, आमच्या भिंतीच्या बरोबर समोर, त्याचा पाळणा. पाळण्याच्या दोरीला तापमापक बांधलेला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुयी भिंत निळी केली तं माह्या ह्या खोलीचं किती वाढते?"

मी खोटं बोलू शकले असते. "दुपारनंतर दीड अंश," मी म्हटलं. "फार तर."

"फार तर! काय व प्रांजले, दोन वर्सामांगं तूच इथं पडदा लावून सिनेमा दाखवला होता न? अर्ध्या अंशानं लहान लेकराच्या जिवाले काय होते ते तूच सांगितलं. म्या तं माहं हळदी घर त्याच्यासाठीच पांढरं करू देल्लं." त्यांचा आवाज चढला आणि पाळण्यात हालचाल झाली, तशा त्या एकदम खाली आल्या. "तुया बाप मले भावासारखा हाये. पन मी सही नाई करनार. मले दोष देजो, पन सही मांगू नोको."

माझेच शब्द होते. अगदी माझ्याच तक्त्यातले आकडे. रागही येईना, रडूही येईना. कागद घडी घालून मी ओट्यावर येऊन बसले आणि समोर आमच्या घराकडे बघत राहिले.

आमचं घर उत्तरेला तोंड करून आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य उत्तरेकडे झुकून मावळतो, तेव्हा त्याची किरणं भिंतीला घासून जातात. तिथं दिवाळीचा आकाशकंदील टांगायचा खिळा आहे, लेपाखाली पांढराच झालेला. एरवी तो कधी माझ्या नजरेत आला नव्हता. आता त्या बोटभर खिळ्याची हातभर सावली भिंतीवर पडली होती. काळी, ठसठशीत.

मी उठून उभी राहिले. रंग कशाला पाहिजे? लेपाचीच अक्षरं काढायची, भिंतीवर उठावाची. पांढऱ्यावर पांढरी. ऊन परतवायचं ते परतवतील, उष्णता सोडायची ती सोडतील, समोरच्या पाळण्याला कसलाच त्रास नाही. दुपारी काही दिसणारही नाही. पण बाबा परत यायच्या वेळेला ऊन तिरपं झालं की प्रत्येक अक्षराची सावली पडेल.

नियमात पोत आणि जाडीही होती, हे मला माहीत होतं. तो नियम मीच कितीतरी लोकांना वाचून दाखवलाय. माझे वरिष्ठ असलेल्या राऊत साहेबांच्या कानावर गेलं असतं तर पहिली नोटीस माझ्याच नावाची निघाली असती. पण परवानगीच्या वाटेनं गेले असते तर समितीची बैठक पावसाळ्यात लागली असती, आणि बाबा रोज उन्हात हिंडत होते.

रविवारी भर दुपारी, सगळी गल्ली दारं लावून पडली असताना, मी ऑफिसातल्या नमुन्याच्या डब्यातला लेप घट्ट कालवला आणि प्लास्टिकच्या पिशवीचे मेंदीसारखे कोन वळले. स्टुलावर चढून डाव्या बाजूला छातीच्या उंचीपासून वर मोठाली अक्षरं काढली. चि. सौ. कां. प्रांजली. वेलांट्या पेंटरसारख्या फुगीर, कारण बाबांच्या डोक्यात त्याच असणार. घाम डोळ्यांत जात होता. समोर काकूंच्या खिडकीचा पडदा हलला आणि परत सरळ झाला. त्या बघत होत्या. त्यांनी फोन केला असता तर सगळंच संपलं होतं, पण त्यांनी केला नाही.

उजव्या बाजूला मी काहीच काढलं नाही. तो विचारसुद्धा मनात आला नाही. पोरीचं नाव, असंच तर बाबा म्हणायचे ना?

त्या संध्याकाळी लेप ओलाच होता आणि बाबा नेहमीसारखे काकूंच्या चहामुळेच घरात आले. सोमवारी मी ऑफिसातून लवकर आले आणि दार किलकिलं करून आत बसले. भिंतीवरची अक्षरं हळूहळू उगवली. आधी वेलांट्या, मग काने, मग सगळं नाव. बाबा गल्लीच्या तोंडाशी दिसले, एकेक घर बघत आले, आणि आमच्या भिंतीसमोर थांबले.

"चि. सौ. कां. प्रांजली," त्यांनी मोठ्यानं वाचलं. फाटक ढकलून आत आले, अक्षरांवरून तळवा फिरवला. चेहरा असा खुलला की मी दार उघडायला उठलेच.

मग त्यांनी दाराच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथं कोरी भिंत. ते जवळ गेले, हात फिरवला.

"अन् नवरदेव?" ते स्वतःशीच म्हणाले. "हे तं अर्धंच हाये. कोन्या दुसऱ्या प्रांजलीचं घर दिसते बाप्पा हे."

मी दार उघडून "बाबा!" म्हणून ओरडले. तीच चूक झाली. परक्याच्या अंगणात सापडल्यासारखे ते दचकले आणि झपाझपा निघाले. मी पायात चप्पल सरकवून फाटकाबाहेर येईपर्यंत ते कोपऱ्यावरून वळलेसुद्धा होते. गिरणीकडे धावले, तिथं नाहीत. स्टँडवर नाहीत. जिकडे तिकडे पांढऱ्या भिंती आणि डोळ्यांत घुसणारं ऊन. येणाऱ्याजाणाऱ्याला मी एवढंच विचारत होते, कंडक्टर गावंडे दिसले का हो?

पाण्याच्या टाकीमागं सापडले. भिंतीला टेकून बसलेले, मान कलंडलेली. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. माझ्या किंकाळीनं लोक जमले. तायडे काकू ओल्या चादरी घेऊन पळत आल्या, लेकराला मयूरीच्या ओटीत टाकून. दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्या बाबांच्या काखेत, मानेवर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या आणि तोंडानं "भाऊ, डोळे उघडा, च्या टाकला न मी, भाऊ" असं चाललं होतं.

बाबा वाचले. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी वाचतील याची खात्री नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू माझ्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "दुसरं नाव काऊन नाई लिवलं तू?"

माझा भडका उडाला. "त्याचं नाव? माझ्या हातानं? त्या माणसानं मला काय काय केलं ते तुम्हाला माहीत नाही का काकू? मरेन पण ते नाव त्या भिंतीवर—"

"मले मालूम हाये सगळं," काकू म्हणाल्या. "तू वापस आली त्या साली म्या भाऊले इचारलं होतं. म्हटलं, पोरीले तरास होते, पुसून टाका न ते नाव. तं ते काय म्हने? म्हने, त्याचं एकट्याचं पुसलं तं येनारा-जानारा इचारीन, का बा, जवाई कुठं गेला? पोरीले रोज उत्तर द्या लागीन. दोनी पुसले तं लोक म्हनतीन, बापानं पोरीचं नावच काढून टाकलं. दोनी राह्यले तं कोनी काई इचारत नाई. पोरगी सुखानं येईन-जाईन."

इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला माझ्यापेक्षा जावयाची पडलीय. एकदा तर तसं मी तोंडावर म्हणाले होते. मी पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीत तोंड घालून तिथंच रडले, आणि काकूंनी मला रडू दिलं.

"अन् तुयी ती भिंत," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मी पाळन्याचा काटा पाहून राह्यली होती दोन दिस. हालला नाई. आन तो कागद. निळ्याच्या जागी अक्षरं लिव, सही करतो."

बाबा घरी यायच्या आधी मी ते दुसरं नाव भिंतीवर काढलं. भर दुपारी. काकूंनी स्टूल धरलं होतं, मयूरी ओट्यावरून कोन वळून देत होती आणि पाळण्याची दोरी पायानं हलवत होती. 'चि.' काढलं. 'स्व' काढताना वळण बिघडलं. ते खरवडून परत काढावं लागलं. पूर्वी जे नाव खरवडायला निघाले होते, तेच आता नीट यावं म्हणून खरवडत होते. काकू खालून म्हणाल्या, "घाई नोको करू. जे झाकलं होतं, तसंच्या तसं आलं पाहिजे." नाव पूर्ण केलं, उतरले, आणि मोरीत जाऊन हात धुतले.

राऊत साहेबांना मी स्वतःच अर्ज दिला, संमतीसकट. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, आधी भिंत आणि मग अर्ज? तुम्हीच?" अर्ज समितीपुढं जाईल. नोटीस निघाली तर ती बजावायला त्या वॉर्डात मीच असते, त्यामुळे ती मी मलाच देईन. आणि परत सगळं सपाट करायला लावलं तर काय, हा विचार मी रोज ढकलत असते.

घरी आल्यावर तीन दिवस बाबा पडून राहिले. चौथ्या दिवशी उठले, केस विंचरले. "गाडी लागली असन," म्हणाले. मी आडवी आले नाही. डोक्याला ओला रुमाल बांधून दिला, खिशात पाण्याची बाटली कोंबली. काकूंनी मला खुणेनं सांगितलं, जाऊ दे. स्टँडवरच्या पानठेलेवाल्याला फोन करून ठेवला होता, गावंडे उठले की मला कळव.

साडेपाचला त्याचा फोन आला. निघाले म्हणून. भिंतीवर दोन्ही नावं लख्ख उगवली होती, डावीकडे मी, उजवीकडे तो. मी दाराआड उभी राहिले.

आणि पश्चिमेकडून धूळ उठली. आमच्याकडे मे महिन्यात संध्याकाळी उठते तशी, तपकिरी, अख्ख्या आभाळावर चढत जाणारी. सूर्य तिच्या मागं गेला. माझ्या डोळ्यांदेखत आधी 'स्वप्निल'च्या वेलांट्या गेल्या, मग बाकीची अक्षरं, मग माझं नाव. गल्लीतल्या बाकीच्या भिंतींसारखी एक भिंत उरली. समोरच्या खिडकीत काकू दोन्ही हातांत गज धरून उभ्या होत्या.

बाबा गल्लीत शिरले. धुळीनं डोळे बारीक केलेले. पहिल्या घरासमोर थांबले, पाहिलं, पुढं. दुसऱ्यासमोर थांबले. हाक मारावी तर मागच्या वेळसारखं व्हायचं. न मारावी तर ते पुढं निघून जायचे, आणि गल्ली संपल्यावर नुसता हायवे आहे.

मग बाबांनी हात भिंतीवर ठेवला. चालत्या गाडीत कंडक्टर सीटांना हात लावत पुढं सरकतो, तसे ते भिंतीला तळवा घासत चालायला लागले. शेजारच्यांच्या कुंपणाची भिंत संपली. हाताला आमचं फाटक लागलं, ते ढकललं. भिंतीवरून हात फिरवत आले, आणि हात थांबला.

बोटं एकेका अक्षरावरून फिरली. ओठ हलत होते. एक नाव संपलं, ते दार ओलांडून पलीकडे गेले. तिथंही हात फिरला, बिघडून परत काढलेल्या त्या 'स्व'वरून, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत गेला.

"आलं," ते म्हणाले. "उतरा."

त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, नेहमीसारख्या जोडून ठेवल्या आणि आत येऊन आपल्या खुर्चीत बसले. रुमालानं तोंड पुसलं. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"बाई, जरा पानी देता का? लय ऊन हाये." मी वळले, तर मागून म्हणाले, "अन् आमची प्रांजली येनार हाये सासरून. उशीर झाला तिले. पन फिकीर नाई, भिंतीवर नाव हाये तिचं. पोरगी घर नाई चुकायची."

"आली, बाबा," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात पाण्याचा गडू दिला.